जीनच्या रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असं आलं, मग पुढे काय?

आमच्याकडे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात आर्णी-दिग्रसच्या बाजूला, पोरगं चालताना घडीघडी पडत असलं तर लोक आधी म्हणतात अंगात ताकद नाही, मग म्हणतात लाडावून ठेवलंय, मग कुणी मालीश सांगतं, कुणी बाहेरचं बघा म्हणतं, आणि हे सगळं होईस्तोवर पोरगं शाळेत जायला लागलेलं असतं आणि पायऱ्या चढताना कठडा धरून एकेक पाय ओढत असतं. माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं असंच झालं. त्याच्या पोटऱ्या जाडजूड होत्या आणि घरातले कौतुकाने म्हणायचे, "पाह्य, पहिलवान होते हा पोट्टा." ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी ह्या स्नायूंच्या आजारात पोटऱ्या अशाच जाड दिसतात, स्नायू झिजत जातो आणि त्याची जागा चरबी घेते, पण बाहेरून बघणाऱ्याला ते बळ वाटतं.

जमिनीवर बसलेलं असं पोरगं उठताना बघा एकदा. आधी उपडं होतं, हात टेकतं, ढुंगण वर करतं, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभं राहतं. विल्यम गॉवर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने हे १८७९ मध्ये लिहून ठेवलं आणि आजही त्याला गॉवर्स साइन म्हणतात. ह्याला मशीन लागत नाही की पैसे लागत नाहीत, अंगणवाडीताई, आशाताई, पहिलीचे गुरुजी, कुणीही ओळखू शकतं, आणि मला मनापासून वाटतं की ह्याचा एक छोटा व्हिडिओ प्रत्येक अंगणवाडीच्या मोबाईलवर असावा. अजून एक, रक्त तपासलं की ह्या मुलांचं एसजीओटी-एसजीपीटी, म्हणजे लिव्हरसाठी बघतात ती एन्झाइमं, वाढलेलं येतं आणि मग लिव्हरचं औषध सुरू होतं, कावीळ समजून पथ्य सुरू होतं, महिनेच्या महिने. हे एन्झाइम स्नायूतूनही रक्तात येतात. म्हणून मुलगा चालायला मंद असेल आणि एसजीपीटी वाढलेलं असेल तर सीपीके हे स्नायूतलं एन्झाइम तपासायला सांगा, ती साधी रक्ताची तपासणी आहे आणि ड्युशेनमध्ये तो आकडा काही हजारांत, कधी दहा-वीस हजारांत जातो. एवढ्या एका कागदाने किती घरांची किती वर्षं वाचतील.

मी एका लॅबमध्ये काम करते, तिथे स्नायूच्या आजारांची जीनमधली बिघाडं, म्हणजे म्युटेशन, माणसाच्या वाढवलेल्या स्नायूपेशींमध्ये तपासतात. घरी आले की कुणी ना कुणी विचारतंच. ह्या वेळी कापूस वेचणीच्या दिवसांत गेले होते, वावरात मोठी आई म्हणाली, "तू काय करून राह्यली व तिकडे? माणसाचं मास वाढवते म्हने काचेत, खरं हाये काय?" मी म्हटलं हो, खरंच आहे, आणि मग धुऱ्यावर बसून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, आणि ते सगळं इथे नीट लिहायचं म्हणून ही पोस्ट. कारण आता आपल्या खेड्यातल्या लोकांच्याही हातात जीनचे रिपोर्ट येऊन राहिलेत, नागपूरहून, सेवाग्रामहून, मुंबईहून, आणि त्यावर काय लिहिलंय ते समजावून सांगायला कुणाकडे वेळ नसतो.

विदर्भात सिकलसेल सगळ्यांना माहीत आहे. गडचिरोली-चंद्रपूरपासून आमच्यापर्यंत शाळेत तपासण्या झाल्यात, कार्डं मिळालीत, लोक सहज बोलतात की हा वाहक आहे आणि तो ग्रस्त आहे. सिकलसेलमध्ये बहुतेक सगळ्यांचं बिघाड एकच, बीटा ग्लोबिन जीनमधलं एक ठरलेलं अक्षर बदललेलं (जीन म्हणजे प्रथिन कसं बनवायचं ह्याची पेशीत अक्षरांत लिहिलेली सूचना). त्यामुळे रिपोर्ट सरळ असतो, आहे किंवा नाही. स्नायूच्या आजारांचं तसं नाही. इथे पन्नासच्या वर वेगवेगळे जीन आहेत, आणि प्रत्येक जीनमध्ये शेकडो, काहींत हजारो वेगवेगळी बिघाडं, एका घरातलं दुसऱ्या घरात सापडेलच असं नाही. खरी अडचण इथून सुरू होते.

ड्युशेनचंच घ्या. त्याचा जीन म्हणजे डिस्ट्रोफिन ह्या स्नायूतल्या प्रथिनाचा, एक्स क्रोमोसोमवर, जो मुलाला आईकडून मिळतो, आणि माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात लांब जीनांपैकी हा एक, बावीस लाखांच्या वर अक्षरं, ७९ तुकडे म्हणजे एक्झॉन. १९८६-८७ मध्ये बोस्टनच्या लुईस कुंकेल ह्यांच्या लॅबने हा शोधला. पेशीला ह्याची एक प्रत उतरवून काढायला सुमारे सोळा तास लागतात. एवढ्या लांब जीनमध्ये बिघाड व्हायला जागा भरपूर, म्हणूनच साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये ते बिघाड आईकडून आलेलंच नसतं, नव्यानेच झालेलं असतं. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते कारण माझ्या मावसबहिणीला सासरी जे ऐकावं लागलं ते कुठल्याही आईला ऐकावं लागू नये. आणि आई वाहक निघाली तरी तिने काही केलेलं नसतं. आपले जीन कुणी निवडून घेत नाही.

आता ह्यात गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण समजायला महत्त्वाचं आहे. पेशी जीन वाचते तेव्हा तीन-तीन अक्षरं मिळून एक शब्द असं वाचते. समजा वाक्य आहे 'कमल हिरवं गवत कापते'. प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. आता ह्यातलं फक्त एक 'र' काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं घ्या, 'कमल हिवंग वतका पते', पुढचं सगळं वाक्य वाया. पण अख्खा 'हिरवं' काढला तर 'कमल गवत कापते', काहीतरी कमी झालं पण अर्थ लागतो. ड्युशेन आणि त्याचा सौम्य भाऊ बेकर ह्यांच्यात मुख्य फरक बहुतेक वेळा हाच असतो. बेकरच्या माणसात कधीकधी तुकडा ड्युशेनपेक्षा मोठा गेलेला असतो तरी तो चाळीशीपर्यंत चालतो, कारण तीन-तीनची चाल मोडलेली नसते. माझ्या भाच्याचे ४८ ते ५० नंबरचे एक्झॉन गेलेत, त्याने चाल मोडली. डिस्ट्रोफिन पेशीच्या आतला सांगाडा आणि पेशीचं बाहेरचं आवरण ह्यांना बांधून ठेवतं, ते नसलं की स्नायू आकुंचन पावताना प्रत्येक वेळी आवरणाला इजा होते, सीपीके बाहेर गळतं, पेशी मरते, नवीन बनते, पुन्हा मरते, आणि एक दिवस नवीन बनवणारा साठाच कमी पडायला लागतो.

तो साठा म्हणजे सॅटेलाइट पेशी. आणि लॅबमधलं सगळं काम ह्याच पेशींच्या जोरावर चालतं.

स्नायूच्या धाग्याला चिकटून ह्या पेशी झोपलेल्या असतात, अलेक्झांडर मॉरो ह्यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत पहिल्यांदा त्या दाखवल्या. स्नायूला इजा झाली की ह्या जाग्या होतात, वाढतात आणि नवीन धागा बनवतात. पेशंटच्या मांडीतून सुईने स्नायूचा लहानसा तुकडा घेतात, अर्थात लेखी संमती घेऊन आणि एथिक्स कमिटीची परवानगी असेल तरच, तो बारीक करून एन्झाइमने सुटा करतात आणि त्यातून ह्या पेशी वेगळ्या काढतात. वेगळ्या काढणं सोपं नाही कारण सोबत फायब्रोब्लास्ट नावाच्या जोडणीच्या पेशी येतात, त्या जोमाने वाढतात आणि आठवड्याभरात सगळी डिश व्यापून टाकतात, म्हणून स्नायूच्या पेशीवर असलेली सीडी५६ नावाची खूण धरून त्या निवडून घ्याव्या लागतात. मग ३७ डिग्री, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, सीरम म्हणजे रक्तातला पातळ भाग घातलेलं लालसर मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, आणि दर एक-दोन दिवसांनी ते बदलायचं. मीडियम पिवळं पडलं की समजायचं पेशींनी आम्ल सोडलंय, आता बदला. एकही जंतू आत जाता कामा नये, म्हणून सगळं हूडमध्ये म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात, हातमोजे घालून, स्पिरिटने पुसून. लाइट गेली तर जनरेटर, आणि जास्तीच्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला ठेवलेल्या.

ह्यानंतरचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि तो मी घरच्यांना मोबाईलवर दाखवला पण. डिशमध्ये जागा भरत आली की सीरम एकदम कमी करायचं, वीस टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर. पेशींना वाढायला मिळणारा इशारा बंद होतो आणि त्या वाढणं सोडून वेगळंच करायला लागतात. लांबट होतात, एका दिशेत लागतात, एकमेकींना चिकटतात आणि मग त्यांची आवरणं एक होऊन जातात, दोनाची एक, पाचाची एक, आणि चार-सहा दिवसांत डिशमध्ये लांबच लांब नळ्या तयार होतात ज्यांच्यात एकामागे एक कितीतरी केंद्रकं असतात. ह्यांना मायोट्यूब म्हणतात. आवरणं जोडणारं मुख्य प्रथिन, मायोमेकर, २०१३ मध्येच सापडलं, म्हणजे आपल्या शरीरात जन्माच्या आधीपासून घडणारी ही गोष्ट कशी होते ते कळून फार वर्षं झाली नाहीत. काही नळ्या डिशमध्येच आपोआप आखडतात. मेंदू नाही, नस नाही, तरी हलतात. मोठ्या आईने तो व्हिडिओ पाहून फोन परत दिला नाही, दोनदा-तीनदा पाहिला आणि म्हणाली, "जिवंत हाये व हे."

आता मूळ मुद्दा. आमच्या भागातला एक पोरगा आहे, त्याला विचारूनच लिहितेय, नाव-गाव गाळलंय. कबड्डीचा चांगला रेडर, तालुक्यात नाव होतं. एकोणीस-वीसचा झाला आणि टाचा उचलून चवड्यावर उभं राहता येईना, मग धावता येईना, मग एसटीची पायरी चढताना दांडा ओढून चढायला लागला. एका मोठ्या दवाखान्यात स्नायूचा तुकडा तपासला, त्यात सूज दिसली, म्हणून स्नायूला सूज येण्याचा आजार समजून स्टिरॉइड सुरू केलं. चेहरा सुजला, वजन वाढलं, ताकद काही आली नाही. पुढे कुणी जाणकार न्यूरॉलॉजिस्ट भेटले त्यांनी जीनची तपासणी करायला लावली. रिपोर्टमध्ये डिस्फर्लिन नावाच्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं निघालं, दोन्ही प्रतींमध्ये, म्हणजे आईकडून आलेल्या आणि बापाकडून आलेल्याही, आणि पुढे लिहिलं होतं, अर्थ अनिश्चित. घरच्यांनी तो कागद मला व्हॉट्सअपवर पाठवला आणि विचारलं, "ताई, आजार हाये का नाही हाये, तेवढं सांग."

जीनमधल्या बदलांची पाच गटांत वर्गवारी करतात, ही पद्धत अमेरिकेतल्या जेनेटिक्सच्या संस्थांनी २०१५ मध्ये ठरवून दिली, आजार करणारा, बहुधा करणारा, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. अनिश्चित म्हणजे आजार नाही असं नव्हे, आणि आहे असंही नव्हे. म्हणजे आजवर जगात हा बदल पुरेशा लोकांत पाहिलेला नाही आणि ह्याने प्रथिनाचं काय होतं ते कुणी तपासलेलं नाही. आणि आपल्या लोकांना हा शिक्का जास्त मिळतो त्याचं सरळ कारण आहे, जगातल्या जीनच्या डेटाबेसमध्ये वर्षानुवर्षं युरोपातल्या लोकांचीच माहिती भरलेली आहे. आपल्याकडे जीनोम इंडियाने १०,००० लोकांचे जीनोम वाचून पूर्ण केले, २०२५ च्या सुरुवातीला तो डेटा संशोधकांना खुला झाला, हे खूप मोठं काम आहे, पण एवढ्या जाती-जमातींच्या देशात अजून कितीतरी हवं. आपल्या कोलाम, गोंड, बंजारा, आंध वस्त्यांमधून किती नमुने कुठे पोचतात?

म्हणून मी म्हणते की कागद तिथे संपत नाही. अक्षर बदललं एवढं मशीन सांगतं, त्या बदलाने काय बिघडतं हे पेशीलाच विचारावं लागतं.

डिस्फर्लिनच्या बाबतीत नशीब असं की हे प्रथिन रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींतही असतं, त्यामुळे पहिली पायरी साध्या रक्तावर होते. ह्या पोराच्या रक्तात ते जवळजवळ नव्हतंच. मग पुढची पायरी, त्याच्या स्नायूपेशी वाढवून नळ्या तयार केल्या. डिस्फर्लिनचं काम म्हणजे स्नायूच्या आवरणाला भोक पडलं की ते बुजवायला मदत करणं, २००३ मध्ये अमेरिकेतल्या केव्हिन कॅम्पबेल ह्यांच्या गटाने हे दाखवलं. त्याची तपासणी अशी करतात की डिशमध्ये एक चमकणारा रंग घालायचा जो आवरणाच्या आत शिरला तरच जास्त उजळतो, मग लेसरने नळीला बारीक जखम करायची आणि मायक्रोस्कोपखाली बघत राहायचं. चांगली पेशी मिनिटभरात भोक बंद करते, त्यासाठी तिला कॅल्शियम लागतं, रंग थोडासा आत जातो आणि थांबतो. डिस्फर्लिन नसलेल्या पेशीत रंग आत जातच राहतो, जातच राहतो, अख्खी नळी उजळते. ह्या पोराची नळी स्क्रीनवर उजळत गेली तेव्हा मला त्याचं खळ्यावरचं कबड्डीचं मैदान आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. खेळणाऱ्या, धावणाऱ्या पोरांनाही हा आजार अचानक धरतो असं जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवलंय, अनेक पेशंट आजाराच्या आधी चांगले खेळाडू असतात.

पण तेवढ्यानेही सिद्ध होत नाही. कुणी म्हणेल बिघाड दुसऱ्याच कुठल्या जीनमध्ये असेल. म्हणून उलटसुलट दोन्ही बाजूंनी बघायचं. क्रिस्पर नावाचं जीन कापायचं तंत्र आहे, २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल ज्याला मिळालं ते, त्याने निरोगी माणसाच्या स्नायूपेशीत नेमका तोच एक बदल करायचा, बाकी काहीही हलवायचं नाही. आणि पेशंटच्या पेशीत तेच एक अक्षर दुरुस्त करायचं. निरोगी पेशी बिघडली आणि बिघडलेली सुधारली तर मग तोच दोषी, दुसरं कुणी नाही. ह्याला वेळ लागतो, कितीतरी महिने लागतात, कारण पेशंटच्या पेशी ठरावीक वेळाच विभागतात आणि मग थकतात, म्हणून त्यांना आधी टेलोमरेज आणि सीडीके४ असे दोन जीन देऊन जास्त दिवस वाढत्या ठेवाव्या लागतात, मग एकेका पेशीपासून वेगळी वसाहत वाढवायची, प्रत्येकीचं जीन वाचून बघायचं की बदल बरोबर झाला का, आणि मग पुन्हा नळ्या, पुन्हा लेसर. ह्या पोराच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी तेच उत्तर आलं. ते न्यूरॉलॉजिस्टना आणि तपासणी करणाऱ्यांना कळवलं, त्यांनी घरातल्या लोकांचे रिपोर्ट, रक्तातलं प्रथिन, सगळं एकत्र पाहिलं आणि शिक्का बदलला, बहुधा आजार करणारा.

त्याने काय फरक पडला असं विचाराल तर खूप पडला. स्टिरॉइड बंद झालं, एकदम नाही, डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केलं. ह्या आजारात स्टिरॉइडचा फायदा होत नाही, उलट ताकद कमी व्हायची भीती असते. ड्युशेनमध्ये बरोबर उलटं आहे हं, तिथे स्टिरॉइडमुळे मुलगा जास्त वर्षं चालतो, माझा भाचाही घेतो, ते कुणाच्या सांगण्यावरून एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. म्हणजे बाहेरून दिसायला दोन्ही पोरं कमजोर, दोन्हींचं सीपीके हजारांत, आणि एकाला जे औषध ते दुसऱ्याला अपाय. जीनचं नाव आणि बदल पक्का माहीत असायला हवा तो ह्यासाठी.

अजून एक प्रकार आहे तो सांगायलाच हवा, कारण पुष्कळ जणांचा रिपोर्ट कोराच येतो, काही सापडलं नाही म्हणून. काही बदल जीनच्या अशा भागात असतात जो भाग वाचताना गाळला जातो, आणि तिथलं एक अक्षर बदलल्याने नको तो तुकडा मध्येच शिरतो. रक्तातलं डीएनए नेहमीच्या पद्धतीने पाहिलं तर हे निसटतं. पण स्नायूच्या पेशीतला आरएनए, म्हणजे जीनची उतरवलेली प्रत, काढला तर जोडणी कुठे चुकली ते सरळ दिसतं. आणि दरवेळी मांडीतून तुकडा घ्यावा लागतो असंही नाही, कारण १९८७ मध्ये मायोडी नावाचा एक जीन सापडला, तो एकटा जीन कातडीच्या पेशीत घातला तर ती पेशी स्नायूची वाट धरते. लघवीतून मिळणाऱ्या पेशींवरही आता हे करतात. लहान पोराला सुई न टोचता त्याच्या आजाराचा स्नायू डिशमध्ये तयार होतो, ह्याचं मला दरवेळी तितकंच अप्रूप वाटतं.

भाच्यासाठी काय आहे ते पण सांगते. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी ड्युशेनच्या मुलांच्या वाढवलेल्या स्नायूपेशींवर एक छोटा रेणू वापरून दाखवलं की शेजारचा एक एक्झॉन मुद्दाम गाळायला लावला तर तीन-तीनची चाल परत जुळते आणि डिस्ट्रोफिन बनायला लागतं, छोटं असलं तरी बनतं. भाच्याचे ४८ ते ५० गेलेत, ५१ गाळला तर चाल जुळते. त्याच कल्पनेवरचं ५१ गाळणारं पहिलं औषध २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पण मी घरच्यांना खोटी आशा दिली नाही. त्या औषधाने स्नायूत तयार होणारं डिस्ट्रोफिन सरासरी एक टक्क्याहूनही कमी निघालं, दर आठवड्याला सलाइनमधून घ्यावं लागतं आणि किंमत वर्षाला कोटींच्या घरात. डिशमध्ये औषध थेट पेशीवर पडतं, शरीरात त्याला रक्तातून जाऊन प्रत्येक स्नायूच्या आत शिरायचं असतं, हृदयातही. डिशमधल्या नळ्या कोवळ्या असतात, त्यांना नस जोडलेली नसते, त्यांनी कधी ओझं उचललेलं नसतं, जास्त आखडल्या की तळ सोडून निघून येतात. म्हणून डिशमधलं उत्तर बदल दोषी आहे का हे सांगायला फार चांगलं, पण पोरगा किती वर्षं चालेल हे त्यातून सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि हे लिहिताना मला खरंच राग येतो. स्नायूच्या आजारावर स्टेमसेलची म्हणजे मूळ पेशींची इंजेक्शनं विकणारे लोक आपल्या भागातून पेशंट नेतात. एका घराने चांगलं काळ्या मातीचं वावर विकून मुलाला इंजेक्शनं दिली, ओलिताचं वावर, तिथे आता दुसऱ्याची संत्र्याची बाग आहे. मुलाला काही फरक पडला नाही. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत साफ लिहिलंय की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं बोनमॅरो प्रत्यारोपण सोडलं तर बाकी आजारांवर स्टेमसेल फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नसतात. कुणी पैसे मागत असेल तर उठून या. आम्ही रोज ज्या स्नायूपेशी हाताळतो त्याही शरीरात टोचल्या तर बहुतेक तिथेच मरतात, पसरत नाहीत, हे १९९० च्या दशकातच माणसांवरच्या प्रयोगांत दिसून आलेलं आहे.

ज्यांच्या घरी असा कागद आहे त्यांनी तो लॅमिनेट करून नाही तर फोटो काढून दोन-तीन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा, कारण पावसाळ्यात पेटीतले कागद जातात. त्यावर जीनचं नाव आणि बदल नेमका लिहिलेला असतो तेच कामाचं. अनिश्चित आलं असेल तर दीड-दोन वर्षांनी डॉक्टरांना पुन्हा तपासून बघायला सांगा, माहिती वाढते तसा शिक्का बदलू शकतो. आईवडिलांचं रक्तही तपासायला द्या, दोन्ही बाजूंनी बदल आलाय का हे कळायला ते लागतंच. प्रथिनाची किंवा आरएनएची तपासणी होते का हे विचारा, विचारायला लाजू नका. आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग कायद्यात नावानिशी आहे, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र काढा, एसटीची सवलत, पेन्शन, पुढचं सगळं त्यावरच. व्यायाम हलका, स्नायू ताणून मोकळे ठेवायचे, दमवणारा नाही. हृदयाची तपासणी दरवर्षी, विशेष करून ड्युशेनमध्ये.

त्या कबड्डीवाल्या पोराचे आईवडील म्हणजे आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी. आमच्याकडे हे लग्न घरचंच, चांगलं मानतात, आणि मी त्यांना दोष देत नाही, त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. एकाच आजोबांकडून किंवा आजीकडून तो बदल दोघांकडे आला असणार आणि पोरात दोन्ही बिघडलेल्या प्रती एकत्र झाल्या. त्याची बहीण एकवीस वर्षांची, बीएस्सी करते, तिने मला एकटीने फोन केला. तिला तीन गोष्टी विचारायच्या होत्या, मला होईल का, माझ्या लेकरांना होईल का, आणि हे घरी कसं सांगू. मी सांगितलं की तुझ्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता चारात एक, पायात काही जाणवायच्या आधीही ह्या आजारात सीपीके वाढलेलं असतं म्हणून आधी ते कर, मग भावाचा जो बदल सापडलाय नेमका तोच तुझ्या रक्तात बघता येतो, सगळा जीन वाचायची गरज नाही, त्यामुळे खर्चही कमी. एकच बिघडलेली प्रत निघाली तर तुला आजार नाही, आणि नवऱ्याच्या ह्याच जीनमध्ये आजार करणारं कुठलंच बिघाड नसेल तर लेकरांनाही नाही. नात्यातला नवरा असेल तर मात्र त्याचंही रक्त आधी तपासावं लागेल. तिने सगळं वहीत लिहून घेतलं. तिच्यासाठी मामाकडचंच स्थळ बघून ठेवलेलं होतं, ते बोलणं रिपोर्ट येईपर्यंत थांबवा असं तिने स्वतः बापाला सांगितलं, आणि बापाने थांबवलं. सीपीकेसाठी ती पुढच्या सोमवारी यवतमाळला जाणार आहे, आणि मामाच्या पोरानेही सोबत येतो म्हणून सांगितलंय.